लंगडा घोडा आणि सालईचा डिंक

नाशिकच्या वयस्कर मंडळींना गावातले तांगे आठवतात. त्याआधी नाशिकला ट्राम होती, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगितले तर ते चटकन विश्वास ठेवत नाहीत. १८८९ साली नाशिकरोड स्टेशनपासून मेन रोडपर्यंत, आठ-दहा किलोमीटरांच्या अरुंद रुळांवरून ही ट्राम सुरू झाली. सुरुवातीला तिचे दोन डबे चार घोडे ओढीत. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. तिचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधणारा तो हाच. या कॅलथ्रॉपला इंजिनांइतकेच घोड्यांचे वेड होते. इंग्लंडमध्ये त्याने अरबी घोडे पाळले आणि घोडा हा माणसाचा सोबती व मित्र कसा, यावर १९२० साली एक पुस्तकही लिहिले.

ट्राम गेली, तांगेही जवळजवळ गेले. पण नाशिक परिसरातून घोडा गेलेला नाही. लग्नाच्या वरातीत तो आहे, येवल्याच्या घोडेबाजारात आहे आणि दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या यात्रेत तर आहेच. जिथे घोडा आहे तिथे लंगडणारा घोडाही आहे. त्याच्यासाठी पूर्वी वैदूची झोळी होती, आज ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे छापलेला डबा आहे. हा डबा घोड्याला द्यावा का, दिला तर किती आणि कसा द्यावा, हा प्रश्न व्यावहारिक आहे. त्याचे उत्तर शोधायला निघालो की आपण दोन हजार वर्षांच्या एका मोठ्या रंजक इतिहासात शिरतो.

आधी पायाबद्दल थोडेसे. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो. त्याचे खूर म्हणजे त्या बोटाचे नख. ज्याला आपण त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरे तर मनगट आहे, आणि त्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच. आहेत ती हाडे, सांधे आणि दोरखंडासारख्या स्नायुरज्जू. शरीराच्या वजनाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. भरधाव धावताना तर एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार क्षणभर येतो. अशा यंत्राला कठीण रस्ता, जड ओझे आणि वाईट बसवलेली नाल एकत्र भेटली की सांधा झिजतो, सुजतो, दुखतो. मग घोडा दुखरा पाय टेकताना मान वर झटकतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. जाणकार मोतद्दार नुसत्या मानेवरून पाय ओळखतो. आपल्याला दुखते आहे हे सांगण्याचा याहून स्पष्ट मार्ग घोड्यापाशी नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा जुनी आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचा उल्लेख आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कामे सांगताना घोड्यांच्या चिकित्सकांचाही विचार केला आहे आणि तिथे एक विलक्षण नियम येतो. उपचारातल्या किंवा औषधातल्या दोषाने जनावराचे दुखणे वाढले, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. जनावर त्यामुळे दगावले, तर जनावराच्या किमतीएवढा दंड. औषधाने अपाय होऊ शकतो आणि त्याला कोणीतरी जबाबदार असतो, हे या नियमात गृहीतच धरलेले आहे. जाहिरातीत ‘नैसर्गिक’ हा शब्द वापरला की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या आपल्या काळाने हा नियम एकदा वाचायला हरकत नाही.

या विद्येचा आद्य आचार्य म्हणजे शालिहोत्र. त्याच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणू लागले आणि ब्रिटिशांच्या फौजेतही हाच शब्द पशुवैद्यकीय मदतनिसासाठी रूढ झाला. दुसरे नाव नकुलाचे. महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासातला नकुल ‘ग्रंथिक’ या नावाने विराटाच्या घोड्यांची निगा राखतो. त्याच्या नावावर चालत आलेला ‘अश्वचिकित्सित’ हा ग्रंथ आणि जयदत्त सूरीचा ‘अश्ववैद्यक’ हे दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याला छापले गेले. (नाशिकच्या पांडवलेण्यांशी नकुलाचा काही संबंध नाही. ती बौद्ध लेणी आहेत. मुले हमखास विचारतात म्हणून सांगून ठेवतो.) दख्खनमध्ये चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही घोड्यांवर भरपूर मजकूर आहे. शिवकालीन पागेची रचना सांगताना सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद येतो. पाणी आणि नाल! घोड्याच्या पायांची निम्मी काळजी या दोन माणसांतच आली. पागेतल्या बारगिराचा घोडा सरकारी असे. शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा, त्यामुळे तो लंगडा झाला की घरचे उत्पन्नच बसे. आजच्या वरातीच्या घोडेवाल्याची स्थिती शिलेदारासारखीच आहे, आणि औषधाच्या डब्याकडे तो इतक्या आशेने का पाहतो ते यावरून समजते.

या जुन्या परंपरेत वनस्पती शेकड्यांनी आहेत. त्या सगळ्या ‘सौम्य’ आहेत असा समज तेव्हाच्या वैद्यांचा तरी नव्हता. अमरकोशात कण्हेरीच्या पर्यायी नावांत ‘हयमारक’ असे एक नाव आहे. हय म्हणजे घोडा. घोड्याला मारणारी ती हयमारक! कण्हेरीतले ग्लायकोसाइड जातीचे रेणू हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करतात. ओली पाने कडू म्हणून घोडा सहसा टाळतो, पण वाळलेली पाने चाऱ्यात मिसळली गेली तर मूठभरही प्राणघातक ठरतात, कारण वाळल्याने विष जात नाही. एरंडाचेही तसेच. त्याचे पान शेकून सुजलेल्या सांध्यावर बांधण्याची चाल घराघरांत आहे आणि तीत काही वावगे नाही. पण त्याच झाडाच्या बियांतले रायसिन हे प्रथिन अत्यंत विषारी आहे आणि त्याला घोड्याइतकी संवेदनशील जनावरे थोडी. बी दळून तेल काढले की विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणजे एकाच झाडाचे पान बांधायचे, तेल बेताने वापरायचे आणि बी व पेंड घोड्यापासून दूर ठेवायची. ‘एरंड औषधी आहे की विषारी?’ हा प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे.

बिब्ब्याची कथा आणखी बोधक आहे. परटाची खूण म्हणून कपड्यावर टिकणारा बिब्ब्याचा काळा रस कातडीवर लागला तर फोड येतात. दुखऱ्या सांध्यावर मुद्दाम बिब्बा लावून कातडी उतवण्याची पद्धत आपल्याकडे माणसांत आणि जनावरांत दोन्हीकडे होती. तापल्या लोखंडाने डाग देणे हा तिचाच थोरला भाऊ. यात आपण मागासलेले होतो असे समजायचे कारण नाही. युरोपातले घोड्यांचे वैद्यही हेच करीत. बिब्ब्याऐवजी तिथे कॅन्थराइड जातीच्या भुंग्यांची पूड होती, आणि डागणे तर त्यांच्या शिकलेल्या पशुवैद्यांनीही विसाव्या शतकात चालू ठेवले होते. कल्पना अशी की वरून दाह केला की तिथे रक्त धावून येते आणि आतले दुखणे बरे होते.

आणि घोडे बरे होतही असत! इथेच खरी गंमत आहे. डागल्यानंतर जखम भरेपर्यंत घोड्याला महिनोन्‌महिने कामाला जुंपता येत नसे. मग गुण डागण्याचा की विश्रांतीचा? शेकडो वर्षे कोणी हा प्रश्न विचारला नाही, कारण डागलेले आणि न डागलेले, पण दोन्ही सारखीच विश्रांती दिलेले घोडे कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायुरज्जूंच्या दुखापतींवर हा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. डागल्याने काहीही फायदा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बरे करत होती ती विश्रांती. वर्गात ‘तुलना गट’ म्हणजे काय हे शिकवताना मी पुष्कळ उदाहरणे वापरली आहेत, पण याच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही.

आता सालईकडे वळू. सातपुड्यात, खानदेशात आणि विदर्भात, कोरड्या खडकाळ उतारांवर सालईची झाडे दिसतात. राखाडी-पिवळट साल कागदासारखी सुटते आणि उन्हाळ्यात झाड निष्पर्ण असते. तिचे शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा. अरबस्तानातल्या प्रसिद्ध धूपाच्या झाडाची ही सख्खी बहीण. जुन्या वैद्यकात तिचे नाव शल्लकी. खोडावर खाच घेतली की सुगंधी, चिकट डिंक पाझरतो आणि हळूहळू घट्ट होतो. बाजारात त्याला सालई गुग्गुळ म्हणतात. खानदेशाच्या सीमेपलीकडे, नेपानगरच्या कारखान्यात याच झाडाच्या लाकडाचा लगदा करून वर्तमानपत्रांचा कागद बनत असे. म्हणजे आपल्या आजोबांनी सकाळच्या चहाबरोबर जे वाचले, त्यात काही वाटा सालईचा होता.

डिंकाचा आधुनिक अभ्यास जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत सुरू झाला. तिथे सी. के. अटल, जी. बी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर डिंकाचे दाहशामक गुण तपासले. डिंकातली बॉस्वेलिक आम्ले हे काम करतात असे दिसून आले. १९९२ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने त्याचा मार्ग दाखवला. दाह होताना शरीरात ल्युकोट्राइन नावाचे रेणू तयार होतात, ते तयार करणाऱ्या ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला बॉस्वेलिक आम्ले अडवतात. ॲस्पिरीनच्या जातीची औषधे अडवतात तो विकर वेगळा. त्यामुळे सालईबद्दल कुतूहल वाढले.

पण परीक्षानळीत विकर अडणे आणि गुडघा दुखायचा थांबणे यांत मोठे अंतर आहे. ते पार करायला माणसांवर नियंत्रित प्रयोग लागतो. असा एक प्रयोग आपल्या नागपूरलाच झाला. गुडघ्याच्या संधिवाताचे तीस रुग्ण. अर्ध्यांना सालईचा अर्क, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सुला, आठ आठवडे. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. नंतर अदलाबदल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सालई घेणाऱ्यांचे दुखणे आणि सूज कमी झालेली दिसली. तीस रुग्ण ही संख्या लहान आहे. पण प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला होता.

घोड्याच्या डब्यावर ‘शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा असल्या, म्हणजे माणसांवरच्या, प्रयोगांचा आधार असतो. घोड्यांवरचे चांगले नियंत्रित अभ्यास मोजके आहेत आणि तेही लहान. माणसाचा निष्कर्ष घोड्याला तसाच लावता येत नाही, याची कारणे शरीरशास्त्रात आहेत. बॉस्वेलिक आम्ले आतड्यातून रक्तात मुळातच कमी शोषली जातात. स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर माणसात शोषण बरेच वाढते. घोड्याचे जेवण म्हणजे गवत आणि थोडी चंदी. त्यात स्निग्धांश तो किती? शिवाय घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान आणि खरे पचन मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यातल्या अब्जावधी सूक्ष्मजीवांच्या जोरावर चालते. तोंडाने दिलेले प्रत्येक औषध या सूक्ष्मजीवांनाही भेटते. आणि सर्वांत महत्त्वाचे, घोड्याला ओकारी होत नाही. कुत्रा नको ते खाल्ले तर ओकून टाकतो. घोड्याच्या पोटात गेलेले परत येत नाही. त्यामुळे जास्त झालेल्या मात्रेला मागे फिरायचा रस्ता नसतो.

‘लसूण तर आपण रोज खातो, तिने काय होणार?’ हा प्रश्नही तपासून पाहिलेला आहे. घोड्याच्या मसाल्यात लसूण आपल्याकडेही घालतात आणि परदेशी पूरक खाद्यांतही ती असते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास आहे. चार घोडे, दोघांना वाळवलेली लसूण काकवीत कालवून, दोघांना नुसती काकवी. मात्रा हळूहळू वाढवत एकूण ७१ दिवस. दिवसाला किलो वजनामागे ०.२ ग्रॅमच्या वर गेल्यावर लसूण खाणाऱ्या घोड्यांना रक्तक्षय झाला. लसणीतल्या गंधकयुक्त रेणूंनी तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन बिघडते, त्याचे गोळे बनतात आणि शरीर त्या पेशी मोडीत काढते. लसूण बंद केल्यावर पाच आठवड्यांत घोडे बहुतेक सावरले. आपल्या अडीचशे किलोच्या तट्टूसाठी ही मात्रा होते दिवसाला ५० ग्रॅम वाळकी लसूण, ओली धरली तर जवळजवळ तिप्पट. चिमूटभर मसाल्याने एवढे होणार नाही. पण ते घोडे लसूण आवडीने खात होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘जनावराला आपले बरेवाईट कळते’ हे वाक्य आपण फार सैल वापरतो.

वनस्पतीतला रेणू वेगळा काढला की काय होते, याची कथा वाळुंजाच्या कुळातली आहे. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाळुंज असतो. त्याच्या युरोपातल्या भावंडाची साल तापावर उपयोगी पडते असे एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १८२८ मध्ये म्युनिचच्या बुखनरने तिच्यातून सॅलिसिन वेगळे केले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने ॲस्पिरीन बनवले. मग वनस्पतीशी नाते नसलेली, पण तेच काम करणारी औषधे आली. १९४९ मध्ये आलेले फेनिलब्युटाझोन घोड्यांच्या जगात इतके रुळले की त्याला लाडाचे नाव मिळाले, ‘ब्यूट’. १९६८ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला डान्सर्स इमेज हा घोडा त्याच्या मूत्रात हे औषध सापडल्यामुळे बाद झाला.

शर्यतीच्या नियमांचा उद्देश केवळ फसवणूक रोखण्याचा नाही. दुखणारा पाय घोडा जपून टाकतो. दुखणे बंद केले, पण सांधा दुरुस्त झाला नाही, तर तो त्याच मोडक्या सांध्यावर पूर्ण भार टाकून धावतो आणि हाड तुटते. आधी म्हटले तसे लंगडणे ही घोड्याची भाषा आहे, आणि वेदनाशामकाने आपण त्याचे तोंड बंद करतो. कधी ते करणे दयेचे असते, कधी क्रौर्याचे. फरक एवढाच की तोंड बंद केल्यावर आपण त्याला विश्रांती देतो की जुंपतो.

यात वनस्पतीला सूट नाही. २००८ च्या ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे चार घोडे कॅप्सेसिन सापडल्यामुळे वैयक्तिक अंतिम फेरीतून बाहेर काढले गेले. त्यांतल्या कॅमिरो या घोड्यामुळे नॉर्वेच्या संघाला कांस्यपदकही गमवावे लागले. कॅप्सेसिन म्हणजे आपल्या लवंगी मिरचीचा तिखटपणा! त्याचा लेप वेदना कमीही करतो, आणि उलट पायाची कातडी इतकी हुळहुळी करतो की अडथळ्याचा दांडा लागायच्या भीतीने घोडा उंच उडी मारतो. मिरची स्वयंपाकघरातली म्हणून तिला कोणी माफ केले नाही.

दुसरी एक अडचण डब्याच्या आतली आहे. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकलेल्या चूर्णात काय आहे हे लेबलावरून कळतेच असे नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सांधेदुखीसाठी घेतलेल्या चिनी जडीबुटीच्या गोळ्यांनी त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या होत्या. त्या गोळ्यांत ॲमिनोपायरिन आणि फेनिलब्युटाझोन मिसळलेले निघाले. म्हणजे घोड्यांचे ‘ब्यूट’ माणसांच्या जडीबुटीत! ‘जडीबुटीने दोन दिवसांत गुण आला’ असे कोणी सांगितले की मला आधी ही नोंद आठवते. वनस्पतीचे अर्क साधारणपणे इतक्या घाईत नसतात.

नाशिककरांना या सगळ्याचा एक धागा आपल्या कड्यांवर दिसतो. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. १९९० च्या दशकात देशभर गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००४ मध्ये कारण सापडले. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसात राहते, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला, २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. काही जण यावरून निष्कर्ष काढतात की रसायने वाईट आणि वनस्पती चांगल्या. कण्हेर आणि एरंड आपण वर पाहिलेच. निष्कर्ष एवढाच निघतो की औषध कोणत्या जनावराच्या पोटात जाणार, आणि त्यानंतर कोणाच्या, हे तपासल्याशिवाय सुरक्षितपणाबद्दल बोलता येत नाही.

मग घोडेवाल्याने काय करावे? सांध्यांसाठीची वनस्पतिजन्य पूरक खाद्ये सरसकट फेकून द्यावीत असे माझे मत नाही. सालईसारख्या डिंकाला निदान विचार करण्याजोगा आधार आहे. पण क्रम महत्त्वाचा. आधी पशुवैद्याला दाखवून पाय का दुखतो ते ठरवावे. पुष्कळदा खिळा चुकीच्या जागी गेलेला असतो किंवा खुरात पू असतो, आणि त्यावर कुठलेही चूर्ण उपयोगाचे नाही. नाल, वजन आणि विश्रांती यांची व्यवस्था आधी लावावी. नंतर चूर्ण द्यायचे ठरले तर लेबलावर प्रत्येक घटकाचे नाव आणि ग्रॅममध्ये प्रमाण असलेलेच घ्यावे. ‘गुप्त मिश्रण’ असलेला डबा दुकानातच राहू द्यावा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी, नाहीतर गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कधीच कळणार नाही. पशुवैद्याने वेदनाशामक दिले असेल तर चूर्णाबद्दल त्यांना सांगावेच, कारण दोन्ही मिळून जठराला आणि मूत्रपिंडांना जड जाऊ शकतात. गाभण घोडीला पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय काहीच देऊ नये. खाणे कमी झाले, लीद पातळ झाली, पोटाकडे वळून पाहणे सुरू झाले, हिरड्या फिकट दिसल्या, तर चूर्ण त्याच दिवशी बंद करून पशुवैद्याला बोलवावे. आणि रोज एकाच रस्त्यावर, एकाच वेळी घोडा चालवून मानेची झटक वहीत नोंदवून ठेवावी. महिन्याभराची ती वही कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगते.

मात्रेचा प्रश्न उरला, आणि तो वर्गातल्या मुलांना सोडवायला देता येईल. डब्यावरची मात्रा बहुधा पाचशे किलोच्या विलायती घोड्यासाठी असते. आपला घोडा किती किलोचा? काटा नसला तरी टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून, जिथे तंग आवळतात तिथे, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन. मालकाची परवानगी घ्यावी, घोडा त्यालाच धरायला सांगावा आणि मुलांना घोड्याच्या मागे उभे राहू देऊ नये. समजा घेर १५० आणि लांबी १३५ भरली. १५० चा वर्ग २२,५००, गुणिले १३५ म्हणजे ३०,३७,५००, भागिले ११,८८०. उत्तर येते सुमारे २५६ किलो. लेबलावर दोन चमचे लिहिले असतील तर या घोड्याला एकच.